शून्यावर चार बाद

७ जून १९५२, शनिवार. लीड्सचं हेडिंग्ले मैदान. भारताचा दुसरा डाव सुरू होऊन अवघे चौदा चेंडू पडले होते आणि धावफलकावर लागलं होतं: चार बाद शून्य. पंकज रॉय, दत्ताजी गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. एकालाही भोपळा फोडता आला नव्हता. मांजरेकरांनी तर पहिल्या डावात १३३ धावा केल्या होत्या. चारपैकी तीन बळी फ्रेड ट्रूमन नावाच्या एकवीस वर्षांच्या यॉर्कशरी पोराने घेतले होते. त्याची ही पहिलीच कसोटी. मंत्री आणि मांजरेकर लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचीत झाले, म्हणजे पुढचा चेंडू हॅटट्रिकचा. मैदान ट्रूमनच्या घरचं, प्रेक्षक त्याच्या मुलखाचे.

तो चेंडू खेळायला भारताचा कर्णधार विजय हजारे निघाला. वय ३७, बांधा सडसडीत, स्वभाव इतका अबोल की आपल्याच खेळाडूंना रागावून बोलायचीही चोरी. त्याची उभं राहण्याची ढब प्रशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात न बसणारी होती: पाय फाकलेले आणि बॅट दोन्ही पॅडच्या मधे रोवलेली. हॅटट्रिक झाली नाही. सव्वीसवर पाचवा गडी पडला, तेव्हा दत्तू फडकर आले. त्या दोघांनी १०५ धावांची भागीदारी केली. हजारे ५६, फडकर ६४. डाव १६५ वर संपला आणि इंग्लंडने सामना सात गड्यांनी जिंकला.

हजारे सांगलीचे, फडकर कोल्हापूरचे. एक कृष्णेकाठचा, दुसरा पंचगंगेकाठचा. या दोन नद्या नरसोबाच्या वाडीला मिळतात, तशी ही दोन माणसं संघ बुडायला लागला की खेळपट्टीवर एकत्र यायची. हा योग हेडिंग्लेवर पहिल्यांदा आला नव्हता आणि त्या उन्हाळ्यातला शेवटचाही ठरणार नव्हता.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीतला. आज आपण सातारा आणि सांगली हे दोन शेजारी जिल्हे म्हणतो. तेव्हा सांगली हा जिल्हाच नव्हता. ते पटवर्धनांचं संस्थान होतं आणि त्याच्या तुकड्यातुकड्यांना लागून ब्रिटिश मुलखातला सातारा जिल्हा पसरलेला होता. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे हजारे कसोटी खेळत होते त्यातल्या बऱ्याच काळात त्यांचं जन्मगाव कागदोपत्री दक्षिण साताऱ्यात होतं.

या मुलखात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम जुनं. मिरजेचं वॉनलेस डॉक्टरांचं इस्पितळ सगळ्यांना ठाऊक आहे. सांगलीतही मिशनची शाळा होती. हजारे याच मराठी ख्रिस्ती समाजातले. वडील शिक्षक, घरात आठ भावंडं. शिक्षकाच्या पगारात आठ मुलं वाढवणाऱ्या घराला क्रिकेट हा षौक म्हणून परवडणं शक्य नव्हतं. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण हजाऱ्यांच्या बचावाकडे पुढे पुष्कळांनी निव्वळ स्वभाव म्हणून पाहिलं. विकेट फेकून देण्याची चैन घरात कधीच नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्या काळी क्रिकेटवर पोट भरायचं तर संस्थानिकाच्या पदरी राहावं लागे. हुद्दा दरबारचा असायचा, काम मैदानावरचं. देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंह पवार यांनी या तरुणाला हेरलं आणि आपल्या सेवेत घेतलं. हेच विक्रमसिंह पुढे १९४७ साली शहाजी या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले.

शिक्षण मात्र सांगलीच्या जवळच झालं. पूर्वेकडे जत नावाचं छोटं संस्थान होतं, डफळे घराण्याचं. पाऊस जेमतेम, जमीन माळरानाची. तिथल्या राजेसाहेबांना क्रिकेटचं वेड, आणि त्यांच्यामुळे क्लॅरी ग्रिमेट हा ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर या भागात शिकवायला आला. ग्रिमेट म्हणजे कसोटीत दोनशे बळींचा टप्पा ओलांडणारा जगातला पहिला गोलंदाज. ३७ कसोटींत २१६ बळी. ज्वारी-बाजरीच्या त्या मुलखात हजारे त्याच्या हाताखाली शिकले. पॅडमधे बॅट अडकवून उभं राहण्याची ती ढब पाहिल्यावर कुठल्याही शिक्षकाने आधी तीच मोडली असती. ग्रिमेटने ती तशीच राहू दिली. मुलाला चेंडू लवकर दिसतो आणि बॅट वेळेवर येते, एवढं त्याला पुरेसं होतं. एका अनुभवी माणसाने न केलेली ही दुरुस्ती भारतीय क्रिकेटच्या फार उपयोगी पडली.

१९३९-४०च्या मोसमात पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्रिशतक करणारा हा पहिला भारतीय. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, आणि त्या मोसमात व पुढच्याही मोसमात महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. मग बडोद्याच्या गायकवाडांकडून बोलावणं आलं आणि १९४१ पासून हजारे बडोद्याचे झाले ते कायमचे.

आता मुंबईच्या पंचरंगी सामन्यांकडे वळतो, कारण हजारे म्हणजे काय हे डिसेंबर १९४३ मध्ये एका सामन्यात संपूर्ण दिसलं. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्मावर पाडलेले संघ, आणि ज्यांचा कुठेच समावेश होत नाही त्यांचा पाचवा संघ ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. ख्रिस्ती असल्यामुळे हजारे या उरलेल्यांतले. हिंदूंच्या बाजूला विजय मर्चंट. या स्पर्धेतला वैयक्तिक धावांचा उच्चांक या दोन विजयांमध्ये झोक्यासारखा हलत होता. मर्चंटांचा नाबाद २४३ चा उच्चांक हजाऱ्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा करून मोडला. अंतिम सामन्यात ब्रेबोर्न मैदानावर मर्चंटांनी नाबाद २५० करून तो परत घेतला आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. उरलेल्यांचा डाव १३३ वर आटोपला, त्यात हजाऱ्यांच्या ५९.

फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात ६० धावांत पाच गडी गेले. तेव्हा खेळायला आला विजयचा धाकटा भाऊ विवेक. पुढे जे झालं त्याला क्रिकेटच्या इतिहासात जोड सापडणं कठीण. दोघा भावांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावा जोडल्या, आणि त्या तीनशेपैकी विवेकच्या होत्या एकवीस. तासामागून तास तो मुलगा एक बाजू धरून उभा राहिला, आणि दुसऱ्या बाजूने थोरला खेळत राहिला. विजय हजारे ३०९. संघाच्या एकूण धावा ३८७. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ऐंशी धावा एकट्याच्या. उच्चांक परत हजाऱ्यांकडे आला. सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

कबड्डीच्या अंगणात सांगली-साताऱ्याची माणसं चढाईपटूचं नाव घेतात, पण सामना कोपरारक्षकाच्या पकडीवर तरतो हे जाणकाराला कळतं. मला विवेकच्या एकवीस धावा थोरल्याच्या त्रिशतकाइतक्याच मोलाच्या वाटतात. बचाव हा एकट्याचा खेळ नव्हेच. समोर तितकाच चिवट सोबती लागतो.

मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजीचा अंतिम सामना होता. समोर होळकरांचा तगडा संघ. होळकर २०२ वर बाद झाले, त्यात हजाऱ्यांनी मध्यमगती गोलंदाजीवर ८५ धावांत सहा गडी टिपले. मग बडोद्याची अवस्था ३ बाद ९१. इथून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली: गुल महंमद ३१९, हजारे २८८. फाळणीला पाच महिने उरले होते, पंजाब पेटला होता, आणि मराठा राजाच्या संघात सांगलीचा ख्रिस्ती मास्तराचा मुलगा आणि लाहोरचा बुटका डावखुरा मुसलमान एकमेकांना ‘हो’ आणि ‘नको’ म्हणत नऊ तासांच्या आसपास धावत होते. कुठल्याही गड्यासाठी जगातली ती सर्वांत मोठी भागीदारी ठरली आणि २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धनेने ६२४ धावा करेपर्यंत, ५९ वर्षं, तशीच राहिली. गुल महंमद पुढे पाकिस्तानचे नागरिक झाले आणि १९५६ साली त्यांच्याकडून एक कसोटी खेळले.

कसोटी क्रिकेट हजाऱ्यांच्या वाट्याला उशिरा आलं. महायुद्धाने उमेदीची वर्षं खाल्ली आणि १९४६ साली लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळले तेव्हा वय होतं ३१. त्या दौऱ्यात यॉर्कशरविरुद्ध नाबाद २४४ धावा केल्या, पण कसोटीत अर्धशतकही झालं नाही.

पुढच्या वर्षी स्वतंत्र भारताचा पहिला संघ लाला अमरनाथांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियात गेला. जानेवारी १९४८, अ‍ॅडलेड. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा. ब्रॅडमन २०१ वर हजाऱ्यांच्या चेंडूवर त्रिफळाचीत. सिडनीच्या कसोटीतही हजाऱ्यांनीच त्यांची दांडी उडवली होती, तेरावर. भारताच्या पहिल्या डावात हजारे ११६, फडकर १२३, सहाव्या गड्यासाठी १८८ ची जोडी. तरी फॉलोऑन टळला नाही. दुसऱ्या डावात रे लिंडवॉलच्या माऱ्यापुढे विनू मंकड आणि अमरनाथ खातं न उघडता परतले. शून्यावर दोन बाद. तिथून हजाऱ्यांनी १४५ धावा केल्या. हेमू अधिकारी ५१ धावा करत त्यांच्यासोबत टिकले आणि सातव्या गड्यासाठी १३२ धावा निघाल्या. डाव २७७ वर संपला, लिंडवॉलने ३८ धावांत सात गडी घेतले. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं करणारा पहिला भारतीय म्हणून हजाऱ्यांचं नाव लागलं. सामना मात्र भारताने एक डाव १६ धावांनी गमावला.

ब्रेबोर्न असो की अ‍ॅडलेड, दोन्हीकडे शेवट डावाच्या पराभवात झाला. हजाऱ्यांच्या मोठ्या खेळ्यांची यादी काढली की त्यांतल्या कितीतरी हरलेल्या सामन्यांतल्या निघतात. पराभव लांबवणं, त्याचा आकार लहान करणं, समोरच्याला प्रत्येक बळीसाठी घाम गाळायला लावणं हे त्या पिढीतल्या भारतीय फलंदाजाचं रोजचं काम होतं. जिंकण्याजवळ संघ पोचला तो फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईत, वेस्ट इंडीजविरुद्ध. ३६१ चं लक्ष्य होतं. हजारे १२२, रुसी मोदी ८६, आणि वेळ संपली तेव्हा ८ बाद ३५५. सहा धावा हव्या होत्या. बचावपटू म्हणून ओळखला जाणारा हा माणूस चौथ्या डावात पाठलाग करताना शतक काढू शकत होता, हे मुंबईकरांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

१९५१ साली हजारे कर्णधार झाले. भारताच्या आधीच्या कर्णधारांत पोरबंदरचे महाराज, विजयनगरमचे महाराजकुमार, पतौडीचे नवाब अशी नावं होती. आता सांगलीच्या शिक्षकाचा मुलगा. दिल्लीत इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी. सदाशिव शिंदे यांनी ९१ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला २०३ वर गुंडाळलं. मर्चंट आणि हजारे या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी २११ धावांची भागीदारी केली. मर्चंट १५४, ही त्यांची शेवटची कसोटी. हजारे आठ तासांहून अधिक वेळ खेळून नाबाद १६४. भारताने ६ बाद ४१८ वर डाव सोडला, पण तोवर वेळ फार गेला होता. अ‍ॅलन वॉटकिन्स नाबाद १३७ धावा करत इंग्लंडसाठी उभा राहिला आणि सामना अनिर्णित झाला.

इथे हजाऱ्यांची चूक झाली असं मी स्पष्ट म्हणेन. सामना हातात होता आणि कर्णधाराने गती वाढवायला हवी होती. आयुष्यभर पडझडीत उभं राहिलेल्या माणसाला आघाडीवर असताना काय करावं याचा सराव नव्हता. त्यांच्या गुणातूनच आलेली ही उणीव होती. संघाला विजयाची सवय नसल्याचा दोष त्या एकट्यावर मात्र टाकता येत नाही.

विजय आला तो फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला. पहिल्याच दिवशी, ६ तारखेला, राजे सहावे जॉर्ज वारल्याची बातमी आली. मंकडांनी पहिल्या डावात ५५ धावांत आठ आणि दुसऱ्यात ५३ धावांत चार गडी घेतले, रॉय १११, पॉली उमरीगर नाबाद १३०. भारत एक डाव आठ धावांनी जिंकला. पहिली कसोटी खेळल्यानंतर वीस वर्षांनी, पंचविसाव्या कसोटीत मिळालेला पहिला विजय. हजाऱ्यांच्या स्वतःच्या धावा फक्त वीस.

आणि मग चार महिन्यांनी हेडिंग्ले. त्या सामन्यात समोरचा कर्णधार लेन हटन. इंग्लंडने विसाव्या शतकात प्रथमच एका व्यावसायिक खेळाडूला कसोटी संघाचं नेतृत्व दिलं होतं. तोवर पगारावर खेळणारा माणूस कर्णधारपदाला योग्य नाही अशीच तिथली रीत. हजारेही लँकशरच्या लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेले. नाणेफेकीला उभी राहिलेली ती दोन्ही माणसं क्रिकेटवर घर चालवणारी होती. पहिल्या डावात ३ बाद ४२ वरून हजारे आणि वीस वर्षांच्या मांजरेकरांनी २२२ धावा जोडल्या होत्या, हजारे ८९. चार बाद शून्य पुढे इतकं गाजलं की ही भागीदारी लोक विसरूनच गेले.

दौरा वाईटच गेला. लॉर्ड्सवर मंकडांनी ७२ आणि १८४ धावा करून ९७ षटकं टाकली तरी पराभव. १९ जुलैला मँचेस्टरला एकाच दिवसात संघ दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. त्यानंतर चारच दिवसांनी, २३ जुलैला, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. कृष्णेच्याच खोऱ्यातला एक माणूस त्या आठवड्यात देशाची शरम डोक्यावर घेऊन फिरत होता आणि दुसरा देशाला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देत होता. पदक घेऊन परतलेल्या खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक साताऱ्यात घरोघर सांगितली जाते, आणि ती सांगितली जावीच. ओव्हलवर ऑगस्टमध्ये काय झालं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. भारताची धावसंख्या ५ बाद ६. पुन्हा हजारे आणि फडकर. हजारे ३८, फडकर १७, संघ सर्वबाद ९८. पाऊस आला आणि सामना अनिर्णित राहिला. सगळा संघ ट्रूमन आणि बेडसर या गोलंदाजांपुढे कोसळलेल्या त्या मालिकेत हजाऱ्यांच्या ३३३ धावा होत्या, सरासरी ५५.५०.

मायदेशी परतल्यावर पाकिस्तानविरुद्ध कर्णधारपद अमरनाथांकडे गेलं. ओझं उतरलेल्या हजाऱ्यांनी मुंबईत नाबाद १४६ धावा केल्या. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी ते ओझं परत त्यांच्या खांद्यावर आलं आणि बॅट गप्प झाली. किंग्स्टनची कसोटी त्यांची शेवटची. ३० कसोटी, २१९२ धावा, सात शतकं, सरासरी ४७.६५. कर्णधार म्हणून चौदा कसोटींत एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. या माणसाला कर्णधार करायला नको होतं, असं तेव्हा बोललं गेलं आणि आजही म्हटलं जातं. धावांपुरतं ते खरं असेल. पण १९५२ च्या त्या संघात पराभवाची लाज दुसऱ्यावर न ढकलता खेळायला येणारा दुसरा कोण होता, ते मला सांगता येत नाही.

बडोद्यासाठी ते खेळत राहिले. देवासची चाकरी संपली, संस्थानं विलीन झाली, पंचरंगी सामने १९४६ मध्येच बंद झाले होते. १९५७-५८ च्या रणजी अंतिम सामन्यात सेनादलाविरुद्ध, चाळिशी उलटून गेल्यावर, हजाऱ्यांनी २०३ धावा केल्या आणि बडोद्याने करंडक जिंकला. १९६० साली पद्मश्री मिळाली. कारकीर्द संपली तेव्हा प्रथम दर्जाच्या सामन्यांत १८,७४० धावा, साठ शतकं आणि ५९५ बळी जमा होते. १८ डिसेंबर २००४ ला वडोदऱ्यात, वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले.